स्वतःच ड्रायव्हर, स्वतःच गाईड: वाचकांचे प्रश्न

थंडी पडायला लागली की पुण्यात प्रत्येकाला वाटतं गाडी काढावी आणि कुठेतरी जावं, आणि मग सगळे मिळून एकाच रविवारी एकाच रस्त्यावर जातात. ह्या महिन्यात पत्रं पण तशीच आलीत. त्यातली पाच घेतली आहेत. 'एका दिवसात अष्टविनायक आणि महाबळेश्वर दोन्ही होईल का' असं विचारणाऱ्या गृहस्थांना इथेच सांगते, होत असेल तरी करू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्याकडे छोटी हॅचबॅक आहे. आईबाबा सत्तरीच्या पुढचे, मुलं ९ आणि १२ वर्षांची. टूरच्या बसने जायचं नाही कारण बाबांना घाई केलेली अजिबात चालत नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो, तो सांगत होता की तिकडे मोबाईलवर ऑडिओ टूर विकत घेतात, गाडी त्या जागी पोचली की जीपीएसवर ते आपोआप बोलायला लागतं, डावीकडे बघा हे अमुक, उजवीकडे बघा ते तमुक. आपण आपल्या आपण असं काही करू शकतो का? एका दिवसात होईल असा रस्ता सांगा, ज्यात डोंगरही दिसतील आणि जुनं काहीतरीही. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: अहो, आपोआप बोलायला लागणारं तुमच्याकडे आधीच आहे, बाबांना पुढच्या सीटवर बसवा आणि दिवे घाट लागू द्या. चेष्टा सोडा, पण खरंच घरच्या घरी होतं हे. निघायच्या आदल्या रात्री मुलांना तीन-चार जागा वाटून द्या, त्यांनी प्रत्येक जागेची दोन मिनिटांची माहिती वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि त्या वळणावर पोचलो की स्पीकरवर लावायची. दोन मिनिटं म्हणजे दोनच, बारा वर्षांच्या मुलाला माईक दिला तर तो थांबत नाही हे अनुभवाने सांगते.

रस्ता पुरंदरचा घ्या. हडपसर, दिवे घाट, सासवड, नारायणपूर, पुरंदर किल्ला, परत खाली नारायणपूर, तिथून केतकावळे, कापूरहोळ आणि सातारा हायवेने कात्रजवरून घरी. गोल चक्कर होते त्यामुळे एकच रस्ता दोनदा बघावा लागत नाही, सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी साडेसहाला घर सोडा. सात म्हणालात तर आठ वाजतात आणि आठला हडपसर म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे.

दिवे घाट तसा छोटा, पण चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो. थांबायचं तर नीट जागा असेल तिथेच, आणि रस्त्याचं काम निघालेलं असेल तर थांबूच नका, पुढे जा. मुलांना सांगा की आषाढात ज्ञानेश्वर माऊलींची पालखी ह्याच घाटातून वर चढते, चढ एवढा आहे की रथाला जादाच्या बैलजोड्या लावतात. बाबा ह्यावर अर्धा तास बोलतील. बोलू द्या.

सासवडला चहा. सोपानदेवांची समाधी इथे आहे, कऱ्हेकाठी संगमेश्वराचं देऊळ आहे, आणि आचार्य अत्र्यांचं गाव म्हणजे हेच. देवळाचे दगडी घाट आणि पायऱ्या आईंना चढवत नसतील तर खालूनच बघा, खालून पण छान दिसतं. सीझनला रस्त्याकडेला सीताफळं आणि अंजिरं घेऊन बसलेले असतात. पुरंदरच्या अंजिराला जीआय मानांकन आहे. घ्याच, पण अंजीर त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी त्याचा लगदा होतो आणि डिकीत वास राहतो तो वेगळाच.

आता किल्ला. पुरंदरची खरी गंमत अशी की गाडी थेट माचीपर्यंत जाते, म्हणून तर आईबाबांसाठी हा सांगतेय. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं, प्रत्येकाचं बरोबर ठेवा, सकाळी लवकर वर जा आणि दुपारनंतर रेंगाळू नका, वेळ झाली की खाली पाठवतात. काही ठिकाणी फोटो काढू देत नाहीत, जवान नाही म्हणाला की नाही, तिथे वाद घालायचा नसतो. संभाजी महाराजांचा जन्म इथला, १४ मे १६५७. सवाई माधवरावांचा पण इथलाच, १७७४. वर केदारेश्वरापर्यंत चढ आहे, तो मुलांनी आणि तुम्ही करा.

आईबाबांना माचीवर वज्रगडाकडे तोंड करून बसवा. हा शेजारचा गड नुसता बघून काही कळत नाही, पण १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी हाच घेतला, मग इथून पुरंदरवर मारा केला, मुरारबाजी देशपांडे पडले, आणि जूनमध्ये तह झाला त्यात २३ किल्ले द्यावे लागले, १२ राहिले. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. त्या गाडीतनं उतरल्याच नाहीत, दार उघडं टाकून पाय बाहेर सोडून शेंगा सोलत बसल्या होत्या, आम्ही वर जाऊन आलो तरी तिथेच, मांडीवर टरफलांचा ढीग. म्हंटलं कंटाळलात का, तर वज्रगडाकडे बोट करून म्हणाल्या, "तिथून तोफ मारली तर इथे बसणारच की गं." शाळेत हा तह मी तीनदा शिकले असेन, मला हे त्यांनी सांगितल्यावर कळलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की जागा कमी घ्या आणि एकेका जागी बूड टेकून बसा. केतकावळ्याचं बालाजी मंदिर वाटेतच आहे, आईंची इच्छा असेल तर जा, नसेल तर मी तरी सोडून देईन. आणि रविवारी जाणार असाल तर साडेतीनच्या आत हायवेला लागा, नाहीतर संध्याकाळी खेड शिवापूरच्या टोलपासून जी रांग लागते त्यात बाबांचा सगळा इतिहास संपून राजकारण सुरू होईल.

प्रश्न: मी २६ वर्षांचा आहे, आयटीत आहे. जुलैत ताम्हिणीला गेलो होतो मित्रांबरोबर, चार तास ट्रॅफिकमध्ये आणि वीस मिनिटं धबधब्यात. परत जायचंय पण असं नको. आणि धुक्यात आमचा एक मित्र चारही इंडिकेटर लावून चालवत होता, म्हणाला हेच सेफ असतं. बरोबर आहे का? (पिंपळे सौदागर)

उत्तर: अरे बाबा, नाही. चार इंडिकेटर म्हणजे मी उभा आहे किंवा माझी गाडी बंद पडलीय. चालत्या गाडीला ते लावले की मागच्याला कळतच नाही तू वळतोयस की थांबलायस. धुक्यात लो बीम लावायचा, फॉग लॅम्प असेल तर तो. हाय बीम लावला की धुक्यावर आपटून सगळा उजेड आपल्याच डोळ्यांत येतो, समोर पांढरी भिंत. काच आतून धूसर झाली तर फडक्याने पुसत बसू नका, एसी चालू करून हवा समोरच्या काचेवर सोडा, मिनिटभरात साफ होते.

आता ताम्हिणी. जुलैच्या रविवारी मी जात नाही, तू पण जाऊ नको. पावसाळ्यात तिथे बऱ्याच जागांवर बंदीचे आदेश पण निघतात, जायच्या आधी बातम्या बघायच्या. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये मधल्या वारी सुट्टी टाकून जा, धबधबे बारीक झालेले असतात पण डोंगर हिरवे असतात आणि रस्ता रिकामा. पिरंगुट-पौडला पेट्रोल, हवा, पाणी सगळं करून घे. पुढे नेटवर्क येतंजातं, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेव.

आणि मुळशीचं पाणी दिसायला लागलं की एकदा गाडी बाजूला घे. सगळे तिथे सेल्फी काढतात आणि पुढे जातात. हे धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. जमिनी आणि गावं पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी, 'सेनापती' हे नाव त्यांना तिथूनच पडलं. धरण झालंच. आता मजा बघ, मुळा नदी मूळची पूर्वेला पुण्याकडे येणारी, पण धरणातलं पाणी डोंगराच्या पश्चिमेला कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडतात, वीज करून ते कुंडलिकेत जातं, आणि कोलाडला तुम्ही लोक पैसे भरून राफ्टिंग करता ते ह्याच सोडलेल्या पाण्यावर. म्हणून तिथे राफ्टिंग सकाळी असतं, पाणी सोडलं तर नदीला जोर. म्हणजे तू मुळशीला जे पाणी बघितलंस त्याच्यामागे मागे घाट उतरून गेलास तर कोलाडला तेच पुन्हा भेटेल. असं मनात धरून घाट उतर, रस्ता वेगळा वाटतो.

उतरताना एक चूक मी केली ती तू करू नको. बरीच वर्षं झाली, विळ्याकडे उतरत होते, गाडी चौथ्यात आणि पाय सारखा ब्रेकवर. नव्या गाडीला काय होतंय असा माज. खालच्या वळणांवर जळका वास यायला लागला, मला वाटलं कोणीतरी शेतात काहीतरी पेटवलंय. मग ब्रेक दाबला तर पाय आत जातोय आणि गाडी मात्र हवी तशी थांबत नाहीये. दुसऱ्यात टाकली, मग पहिल्यात, हँडब्रेक हळूहळू, आणि एका टपरीसमोर कशीबशी उभी केली. चाकातनं धूर. मी बाटली घेऊन पाणी ओतायला निघाले तर टपरीवालीने आतूनच आरडा केला, "पाणी नका वतू बाई, चकती वाकडी होईल, बसा, चा घ्या." पाऊण तास बसवलं तिने मला. दोन चहा आणि एक प्लेट भजी झाली, मग गाडी गार झाली. पुण्यात आल्यावर एका गॅरेजवाल्याने दोन्ही पॅड बदलायला लावले आणि बिल असं लावलं की घाटापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली.

तर ज्या गिअरमध्ये चढायला लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनच गाडी धरून ठेवतं. न्यूट्रल कधीच नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे, उपकार नाही. वळणावर थांबून रील काढणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, संपादक कापतात.

प्रश्न: वय ६१, बँकेतून रिटायर झाले, आता कुठे गाडी शिकलेय. घाट नको वाटतो. मिस्टरांना चालवता येत नाही. दोघांनी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं निसर्गाचं काही? (सदाशिव पेठ)

उत्तर: भिगवण! सोलापूर हायवे, एकही घाट नाही, शंभरेक किलोमीटर. उजनी धरणाच्या मागच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, फ्लेमिंगो हो, आणि बरोबर बाकीचे कितीतरी. डिसेंबर ते मार्च चांगला काळ. कुंभारगावला स्थानिक कोळी लोक होडीतून फिरवतात, पक्ष्यांची नावं त्यांना पाठ असतात, तुम्ही नुसतं विचारत जायचं. होडीत लाईफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका. मासे खात असाल तर तिथली चिलापी खाल्ल्याशिवाय येऊ नका. उन्हाळ्यात गेलात तर पक्षी कमी, पण पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं, तेही बघण्यासारखं आहे.

उजाडायला निघा, अंधारात नाही. साखर कारखान्यांचा सीझन असतो तेव्हा हायवेवर ऊस लादलेले ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याचदा मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अंधारात ते अंगावर आल्यावरच दिसतात. उलट्या बाजूने येणाऱ्या मोटरसायकली पण दिवसा निदान दिसतात तरी. ताशी ७० ला डाव्या लेनमध्ये चला, मागच्याने हॉर्न मारला तर मारू दे, त्याला लेन मोकळी आहे. मिस्टरांना एकच काम द्या, गप्प बसायचं.

प्रश्न: मुलगा दहावीत, इतिहास आवडतो, विज्ञान त्याहून जास्त. दोन दिवस आहेत. किल्ले सगळे करून झाले असं त्याचं म्हणणं आहे. (हडपसर)

उत्तर: जुन्नर. शिवनेरी झाला असेल, तरी नाणेघाट केलाय का विचारा. पहिल्या दिवशी नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून जुन्नर, मुक्काम तिथेच. चाकण पहाटेच ओलांडा. नाणेघाटाला गाडी अगदी घाटमाथ्यापर्यंत जाते, वाटेत पूरला कुकडेश्वराचं देऊळ, कुकडी नदीचा उगम तिथला. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, जकातीचा म्हणतात. थोडं खाली उतरलं की गुहा, आणि तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात यज्ञ केले त्याच्या दक्षिणा लिहिल्यात, गाई किती, नाणी किती, आकड्यांत. आपल्याकडचे अंक कसे लिहायचे त्याचे फार जुने नमुने आहेत हे. मुलाला म्हणावं गणिताचं पुस्तक राहू दे, हे वाचून दाखव. कोकणातल्या बंदरांवरनं माल ह्याच वाटेने वर जुन्नरला यायचा. खाली कोकण आणि मागे जुन्नरचा सपाट प्रदेश असं दोन्ही एका जागेवरून दिसतं, मग जकात इथेच का घेतली हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मधे एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या लांबवर पसरलेल्या, शेतांच्या मधे टोमॅटोच्या पलीकडे एकदम ही पांढरी जाळी उभी दिसते. शहराचा रेडिओ गोंगाट इथे कमी म्हणून ही जागा निवडली. रोज उठून आत सोडत नाहीत, परवानगी आधी घ्यावी लागते, नाहीतर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला त्यांचं प्रदर्शन असतं तेव्हा जा. आवारात मोबाईल बंद करायला सांगतात कारण त्याचाही अडथळा होतो, दहावीच्या मुलासाठी हे मला तरी बोनसच वाटतं.

एक मात्र ऐका. तिन्हीसांजेनंतर त्या भागात उसाच्या कडेला गाडी थांबवून कोणी खाली उतरायचं नाही, लघवीला पण नाही. जुन्नरला बिबट्या ही बातमी राहिलेली नाही, शेजारी आहे तो.

प्रश्न: आमची इलेक्ट्रिक गाडी आहे. भोरवरून वरंधा घाटाने जाऊन यावं म्हणतोय, बॅटरी पुरेल का? आणि सासूबाई बरोबर असतात, खरं सांगायचं तर त्यांचा मुख्य प्रश्न बाथरूमचा आहे. तुम्ही लोक ह्यावर कधी लिहीत नाही. (बाणेर)

उत्तर: बरोबर आहे तुमचं, लिहीत नाही, आणि निम्म्या बायका ट्रिपला पाणीच पीत नाहीत त्याचं कारण हेच.

आधी बॅटरी. चढताना ती डोळ्यांदेखत उतरते, उतरताना थोडी परत भरते, पण गेली तेवढी येत नाही. गाडी जेवढी रेंज दाखवते त्यातली एक तृतीयांश नाहीच असं समजून हिशोब करा आणि भोरच्या पुढे चार्जिंग मिळेल ह्या भरवशावर राहू नका. फक्त घाटमाथ्यापर्यंत जाऊन परत येणार असाल तर हिशोब सोपा, महाडला उतरलात तर परत सगळा घाट चढायचाय हे लक्षात ठेवा. वरंधा पावसाळ्यात दरडींमुळे बऱ्याचदा बंद ठेवतात, कामासाठी पण बंद असतो, निघायच्या आधी भोरमध्ये कोणालातरी फोन करून खात्री करा, नकाशावर रस्ता निळा दिसतो म्हणून तो चालू असतोच असं नाही.

सासूबाईंसाठी मी स्वतः वापरते तो हिशोब असा. पहिला थांबा हायवे सोडायच्या आधी पेट्रोल पंपावर, लागलेली नसली तरी जायचं. दुसरा नसरापूरच्या बनेश्वराला. आत जायच्या आधी तिथली पोर्तुगीज घंटा दाखवा, वसईच्या मोहिमेनंतर आलेली, तिच्यावर क्रॉस आहे आणि १६८३ साल आहे, शंकराच्या देवळात क्रॉस बघून त्यांचा मूड एकदम चांगला होतो, माझ्या सासूबाईंचा झाला होता. तिसरा थांबा भोर गावात जेवताना, हॉटेलात शिरायच्या आधी बाथरूम बघून यायचं, मेन्यू नंतर. त्यानंतर नीरा देवघरच्या पाण्याकडेने रस्ता फार सुंदर आहे पण सोय म्हणाल तर घाटात वाघजाईच्या देवळापाशी टपऱ्या आहेत, तिथे भजी छान मिळतात, बाकी काही धरून चालू नका. गाडीत एक जुनी छत्री, पाण्याची पाच लिटरची बाटली आणि साबणाच्या कागदाची छोटी डबी ठेवा. छत्री मोठी, काळी, पुरुषांची घ्या. फुलाफुलांची लांबून दिसते.